पोथीपुरता टॅब

टॅब घ्यायचा आहे हे भोरमध्ये कुणाजवळ बोलू नये. मी बोलले आणि फसले. तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दाखल्याला लागणारे कागद टाइप करून द्यायचे, हे माझं काम. समोरच्या बाकावर दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि साहेबाची वाट बघत बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भानगडीत डोकावण्याशिवाय उद्योग नसतो. एकानं विचारलं, "ताई, मोबाईलवर एवढं काय बघताय?" मी सरळ सांगितलं की वाचायला बरा पडेल असा स्वस्तातला टॅब बघतेय. झालं. सातबाऱ्याच्या दुरुस्तीला आलेला तो माणूस मला अर्धा तास प्रोसेसर समजावून सांगत बसला. त्याचा स्वतःचा अर्ज तसाच राहिला आणि मला दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाकावर दिसला.

बरं, प्रत्येकाला वाटे की टॅब म्हणजे पिक्चर बघायला नाहीतर मुलांच्या अभ्यासाला. वाचायला हवाय म्हटलं की माणूस म्हणे, "मग मोबाईल हाय की." हे वाक्य मी त्या वर्षात इतकं ऐकलं की समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच माझं टाळकं तापायचं.

टॅब मला माझ्यासाठी नको होता. माझ्या वडलांसाठी हवा होता. आम्ही त्यांना आबा म्हणतो. माझं सासर किकवीला, हमरस्त्याला लागून. माहेर मात्र वेल्ह्याच्या डोंगरात. नसरापूरहून वेल्ह्याची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि वर चढायचं. आबा भातशेती करणारे, दावणीला थोडी जनावरं. पण गावात त्यांना लोक ओळखतात ते पोथीवरून. श्रावणात दिवेलागण झाली की आमच्या देवळात महिनाभर पोथी लागते आणि ती आबा वाचतात. माझ्या जन्माच्या आधीपासून वाचतात. पाटावर मांडी घालून बसायचं, समोरच्या लाकडी ठवणीवर पोथी उघडून ठेवायची, तिला कपाळ टेकवायचं, बोट जिभेला लावून पान उलटायचं आणि सुरू करायचं. एकदा अध्याय सुरू झाला की तो संपेपर्यंत वाचणारा थांबत नाही. पाण्यासाठी नाही, पाहुण्यासाठी नाही, कशासाठीच नाही. एका श्रावणात देवळात साप निघाला तेव्हाही आबा वाचतच राहिले आणि साप आपल्या वाटेनं गेला, असं आई सांगते. सापाचं मला ठाऊक नाही, पण आबा थांबले नसणार एवढं खरं.

मग एका श्रावणात ते अडखळायला लागले. आधी ओळी सुटल्या. पुढं एका संध्याकाळी त्यांनी एकच ओवी दोनदा वाचली आणि त्यांना कळलंही नाही. देवळात कुणी काही बोललं नाही. घरी येऊन ते ताटावर बसले आणि तसेच उठले. आईला म्हणाले, "लोकं उगी ऱ्हायली गं." कुणी हसलं असतं, टोकलं असतं, तर त्यांना चाललं असतं. गाव गप्प राहिलं हेच त्यांच्या जिव्हारी लागलं. तो महिना त्यांनी कसाबसा रेटून पुरा केला.

पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. ज्याच्याकडं बघाल नेमकं तेच पुसट दिसेल, आजूबाजूचं दिसत राहील. चष्म्यानं फरक पडणार नाही. आबांनी एकच विचारलं, "वाचता यील का?" डॉक्टर कागदावर औषध लिहिता लिहिता म्हणाले की अक्षर खूप मोठं असेल आणि उजेड असेल तर वाचाल. आबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, मी मात्र पक्कं धरून ठेवलं.

माझा धाकटा भाऊ गावीच असतो, आईआबांजवळ. चांगला आहे. आबांचं औषधपाणी तोच बघतो. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढं त्याच्याबद्दल माझ्या तोंडून चांगलं फारसं निघणार नाही. देवळाचा स्पीकर त्याच्या ताब्यात असतो. दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला. "ताई, पुढच्या श्रावणाला पेन ड्राईव्ह लावू म्हणत्यात सगळी. आख्खी पोथी मिळती. आवाज बी खणखणीत हाय. आबांना कशाला तरास?"

"आबांना विचारलंस?" मी म्हटलं.

"त्यास्नी काय विचारायचं? त्यांच्याच भल्याचं हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस-पन्नास श्रावण ज्या माणसानं घसा कोरडा केला, त्याच्या जागी ह्यांना खिशात मावणारी डबी लावायची होती, आणि ते त्याला न विचारता. मी त्याला फोनवरच झाडलं. मग म्हटलं, निदान पोथी त्यांना पाठ आहे, तोंडानं म्हणू देत की. भाऊ म्हणाला, "म्या तेच म्हणलो. तू विचार जा."

मी विचारलं. आबा म्हणाले, "पाठ हाय म्हणून काय झालं? पोथी वाचायची असती. पाठ म्हणताना चुकलो तर मला कोण सांगंल? वाचताना पोथी सांगती." एवढं बोलून त्यांनी फोन आईकडं दिला. आई म्हणाली, "जाऊ दे गं, रोज संध्याकाळी पोथी काढत्यात, डोळ्याला लावून बघत्यात आन् ठिवून देत्यात." त्या दिवशी मी ठरवलं की पुढचा श्रावण पेन ड्राईव्हचा होऊ द्यायचा नाही. मोठं अक्षर हवं ना, मग मोठं अक्षर मिळेल. टायपिंगचं दुकान चालवते मी. अक्षर मोठं करण्यात काय एवढं अवघड, असं मला वाटलं होतं. काय सांगू आता.

पहिल्यांदा मी ते निव्वळ वाचायचं यंत्र मागवलं, कागदासारखा पडदा असतो ते. सगळीकडं त्याची तारीफ होती: डोळ्याला त्रास नाही, उन्हातही दिसतं, चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं. त्यातली मोठ्या पडद्याची यंत्रं आपल्या ऐपतीतली नव्हतीच. ऐपतीतलं होतं ते जेमतेम तळहाताएवढं. तरी मागवलं. पडदा खरोखर सुरेख होता, खोटं कशाला बोलू. मी पोथीच्या पानांचे फोटो काढून त्यात भरले आणि रविवारी माहेरी घेऊन गेले.

आता फोटोतलं अक्षर मोठं करायचं म्हणजे काय होतं, तर ओळीचं डोकं पडद्यात राहतं आणि शेपूट बाहेर जातं. उरलेली ओळ बघायला बोटानं ढकलायचं. ढकललं की तो पडदा आधी काळा व्हायचा, मग पांढरा, मग दोनदा लुकलुकायचा आणि मग कुठं उरलेले शब्द यायचे. आबांनी मान कोंबड्यासारखी तिरकी करून अर्धी ओळ वाचली, ढकलली, लुकलुकणं बघितलं आणि मला विचारलं, "ह्याला फेफरं येतंय का गं?"

भाऊ खो खो हसला. मी यंत्र पिशवीत टाकलं. ते परत करायचं म्हणजे तर नवाच वनवास. न्यायला येणारा माणूस मी भोरला असले की किकवीच्या घरी जायचा, आणि सुट्टी घेऊन घरी बसले की भोरच्या दुकानाला कुलूप बघून फोन करायचा. शेवटी मी त्याला म्हटलं की बाबा, तू एका जागी उभा राहा, मी तिथं येते. कामथडीच्या एसटी थांब्यावर ते यंत्र मी त्याच्या हवाली केलं आणि उभ्या उभ्याच ठरवलं की आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

म्हणून मग भोरच्या बाजारपेठेतलं मोबाईलचं दुकान. आता मी अनुभवानं शहाणी झाले होते. आबांची जुनी ठवणी सोबत घेऊन गेले. दुकानदार तसा अदबीनं बोलणारा. "मॅडम, कुणासाठी पाहिजे?" वडलांसाठी, पोथी वाचायला. त्यानं ऐकलं न ऐकलं आणि कॅमेऱ्याचं सांगायला लागला. मी म्हटलं, मला कॅमेरा नको. "कॅमेरा येतोच मॅडम." गेम चांगले चालतात म्हणाला. मी म्हटलं, माझ्या वडलांनी सत्तरी ओलांडलीय. तो म्हणाला, "मग नातवंडं खेळतील." नातवंडांना हात लावू देणार नाही, असं म्हटल्यावर मात्र तो टॅब काढायला वळला.

मी ठवणी काढून दुकानाच्या फरशीवर मांडली आणि समोर मांडी घालून बसले. म्हटलं, एकेक टॅब ह्याच्यावर ठेवा. आबा बसतात तेवढ्या अंतरावरून बघायचं तर दुसरा मार्ग काय होता? दुकानात आलेली गिऱ्हाइकं मला वळसा घालून जात होती. दुकानदाराचा चेहरा पडला, पण त्यानं टॅब ठेवले. लहान टॅबवर चार शब्द मावेनात. मोठ्यांवर अक्षर छान मावत होतं, पण वरच्या ट्यूबलाइटी काचेत अशा चमकायच्या की मधल्या ओळी गायब. आणि ट्यूबलाइट नाही तिथं मला माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते चांगलंच वैतागलेलं होतं. आबांना मधलं आधीच दिसत नाही, त्यात ही चकाकी. मी एकेक नापास करत गेले. शेवटी दुकानदार म्हणाला की चकाकी मारणारा एक धुरकट कागद मिळतो, वरून चिकटवायचा. मी म्हटलं, हे तुम्ही तासाभरापूर्वी का नाही सांगितलं? म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना चकाकीच आवडते."

तो कागद लावून बघितला आणि ट्यूबलाइट विझल्यागत झाली. मोठ्या पडद्यातला सगळ्यांत स्वस्त टॅब मी उचलला. दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला. "हा स्लो आहे मॅडम. गेम अडकतात." मी म्हटलं, अडकू देत.

टॅब मोठा होता तरी फोटोतल्या पानांचं शेपूट बाहेर जायचंच. मग दुसरा इलाज राहिला नाही. उन्हाळाभर दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पोथी टाइप करायला बसले. अक्षर एवढं ठेवलं की एका पानावर एकच ओवी. बाकावरची माणसं पडद्यात डोकावून विचारायची, "ताई, ही कुठल्या केसची कागदं?" मी म्हणायची, आमच्या आबांच्या. आणि मोबाईलवर का वाचत नाहीत, असं विचारणाऱ्याचा कागद मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी घ्यायला लागले.

टॅब माहेरी नेला तेव्हा आबांनी त्याला हातच लावला नाही. "ह्यात पोथी हाय कुठं? ही तर काच हाय." मी पहिली ओवी उघडून ठवणीवर ठेवली. त्यांनी मान तिरकी केली. ओठ हलले. ओवी पुरी झाली. मग दुसरी कशी आणायची ते त्यांनी मला न विचारता आईला विचारलं, आणि आईनं मला विचारलं. मी दाखवलं, उजव्या कडेला बोट टेकवायचं, पान येतं. आबांनी सवयीनं बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. ओलं बोट त्या काचेला सोसेना. एकदा हलेचना, एकदा तीन पानं पुढं पळाली. मी सांगितलं, आबा, थुंकी लावू नका. ते व्हय म्हणाले आणि पुढच्या पानाला बोट पुन्हा तोंडात. किती ओरडले मी. पण जन्माची सवय, ती बोटातच मुरलेली. शेवटी आई कोरडं फडकं घेऊन त्यांच्याशेजारी बसली. त्यांचं बोट तोंडापासून निघालं की ती पुसायची आणि मग ते काचेला लागायचं. पूर्ण ज्येष्ठ-आषाढ त्या दोघांनी असा सराव केला. मी रविवारी गेले की बघायची, आबा वाचतायत, आई फडकं धरून बसलीये आणि तिचेही ओठ हलतायत. आई जुन्या चौथीपर्यंत शिकलेली. तिला वाचता येतं हे काही नवल नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या ओल्या बोटाकडं.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी भावाचा फोन. "ताई, टॅब चार्ज हुईना." काय झालं, पडला का, भिजला का? काही नाही म्हणे. खोदून विचारलं तेव्हा आई फोनवर आली. दरवर्षी पोथी देवळात जायच्या आधी तिची पूजा होते आणि तिच्या कडेला कुंकू लागतं. आता टॅबात पोथी आहे म्हटल्यावर आईनं त्याचीही पूजा केली होती. ओलं कुंकू, पोथीला लावतात तसं, कडेला. आणि कडेलाच चार्जिंगचं भोक.

मी कपाळाला हात लावला. भावाला म्हटलं, तसाच घेऊन भोरला ये. तो पावसात गाडी हाणत आला. दुकानदारानं टॅब उजेडात धरला. "मॅडम, हे लाल काय आहे?" मी म्हटलं, कुंकू. "टॅबला?" मी म्हटलं, पोथीला. तो टूथपिक घेऊन खाली मान घालून भोक कोरत बसला, आणि बऱ्याच वेळानं चार्जिंगची खूण उमटली तेव्हा आमच्या तिघांच्याही तोंडून एकदमच सुस्कारा निघाला. मी माझं दुकान बंद केलं आणि भावाच्याच गाडीवर बसून माहेरी निघाले. टॅब पोटाशी, वरून रेनकोट. घाटात भाऊ मान मागं करून म्हणाला, "ताई, पेन ड्राईव्ह बी ठेवलाय म्या खिशात. लागलाच तर." मी म्हटलं, समोर बघून गाडी चालव.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देऊळ भरलं. पुरुष पुढं, बायका मागं खांबापाशी, नेहमीसारखं. आबांनी खरी पोथीही आणली होती, लाल कापडात बांधलेली. ती शेजारच्या पाटावर ठेवली. ठवणीवर टॅब. अक्षर एवढं मोठं की मागून बायकाही माना उंच करून बघत होत्या. आबांनी पोथीला कपाळ टेकवलं, मग टॅबला टेकवलं, आणि त्यांच्या कपाळानं पान बदललं. एक नाही, चांगली पाच-सहा. त्यांनी डोळे उघडले तर समोर भलतीच ओवी. मी बायकांतून वाट काढत पुढं धावले, पहिलं पान आणून दिलं आणि दात ओठ खात परत आईशेजारी येऊन बसले. एवढा सराव केला, पण कपाळाचा सराव करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आबांनी सुरू केलं. सावकाश वाचत होते, पण शब्द न् शब्द जागेवर. बोट तोंडाकडं जायचं, मध्येच थबकायचं, धोतराला पुसायचं आणि मग पान यायचं. देवळात चुळबूळ थांबली. आईनं डोळे मिटून हात जोडले. माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

आमच्याकडं पावसाळ्यात लाइट जाते, त्यात विशेष काही नाही. समई होती. पण त्या अंधारात टॅब एकदम भगभगीत झाला, कारण दिसावं म्हणून मीच त्याचा उजेड वरपर्यंत चढवून ठेवला होता. तो सगळा उजेड आबांच्या डोळ्यांवर. त्यांची मान डावीकडं झाली, उजवीकडं झाली. ओवीचे पहिले दोन शब्द त्यांनी म्हटले. मग पुन्हा तेच दोन शब्द. मग काहीच नाही.

आबा थांबले होते, तेही अध्यायाच्या मधोमध.

देवळात पुन्हा तीच शांतता. भावाच्या स्पीकरला स्वतःची बॅटरी, त्याचा लाल दिवा जळत होता. भाऊ उभा राहिला आणि त्याचा हात खिशात गेला. मला उठून उजेड कमी करायचा होता, पण अंधारात पुढच्या बायकांच्या मांड्या तुडवत जाणार कशी? मला इतका राग आला, लाइटवाल्यांचा, त्या टॅबचा, भावाचा, गप्प बसणाऱ्या सगळ्या गावाचा, की डोळ्यांत पाणी आलं. सगळं वर्ष त्या दोन शब्दांपाशी येऊन अडकलं होतं.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. दुकानाची पाटी वाचावी तसा, सपाट, एकेक अक्षर सोडवत. आई वाचत होती. खांबाला टेकून बसल्या जागेवरून, पुढच्यांच्या डोक्यांवरून, त्या लखलखीत पानाकडं बघत. आबा जिथं अडले होते त्याच शब्दापासून तिनं ओवी उचलली आणि शेवटपर्यंत नेली. आबांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांचं बोट तोंडाकडं गेलं, धोतराला पुसलं गेलं आणि त्यांनी पान आणलं. आईनं ती ओवी वाचली. त्यांनी पान आणलं. तिनं वाचलं. मग डोळे उजेडाला सरावले असतील, मधली एक ओवी आबांनी घेतली, पुढची अर्धी राहिली ती आईनं घेतली. असा त्या दोघांनी अध्याय पुरा केला. भाऊ केव्हा खाली बसला ते मला कळलं नाही, पण त्याचा हात खिशातून बाहेर होता. आरती झाली. याही वेळी देवळात कुणी काही बोललं नाही, फक्त निघताना बायका आईच्या दंडाला धरून चालत होत्या.

घरी आबा पोटभर जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. आईला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, काय हा माणूस, निदान एकदा तोंड भरून बोलावं की नाही? आई आपली खरकटी भांडी गोळा करत होती. मी चिडूनच झोपले आणि पहाटेच्या एसटीनं भोर गाठलं.

दुपारी दुकानात गर्दी होती तेव्हा फोन वाजला. आबा होते. आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून उचलला. ते म्हणाले, "अक्षर आजून मोठं हुतंय का?"

माझा संयम सुटला. बाकावरची माणसं ऐकत होती तरी मी बोलून गेले. म्हटलं, आबा, एका पानावर एकच ओवी बसवलीय, आता आणखी किती मोठं करू? एवढं करूनही दिसत नाही का तुम्हाला?

"मला दिसतंय," आबा म्हणाले. "तुझ्या आईला खांबापासनं नीट दिसत न्हाई. आन् ती म्हणती, पुढं येऊन बसणार न्हाई."

मी समोरच्या माणसाला त्याचं प्रतिज्ञापत्र उद्या मिळेल म्हणून सांगितलं, पोथी उघडली आणि एका पानावर अर्धी ओवी बसवायला घेतली.